हाँगकाँगसाठी आंतरराष्ट्रीय दाद मागताना: सही कोणाची, अर्ज कुठे, मजकूर कसा

हाँगकाँगमधल्या हक्कभंगाबद्दल संयुक्त राष्ट्रांकडे किंवा परदेशी सरकारांकडे जाणाऱ्या अर्जाचा मसुदा लिहायला घेण्याआधी सही कोण करणार ते ठरवा. ३० जून २०२० रोजी हाँगकाँगमध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या कलम २९ खाली परक्या देशाकडे चीन किंवा हाँगकाँगवर निर्बंध घालण्याची मागणी करणं हाच गुन्हा आहे. शिक्षा ३ ते १० वर्षं, प्रकरण गंभीर ठरलं तर जन्मठेपेपर्यंत. कलम ३८ मुळे हा कायदा हाँगकाँगबाहेरच्या परदेशी माणसालाही लावता येतो. जुलै २०२३ मध्ये परदेशात गेलेल्या आठ जणांवर प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम जाहीर झालं. त्यामुळे हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या कोणाचीही सही अर्जावर घेऊ नका. ज्याच्यासाठी दाद मागायची त्याची, तो कोठडीत असेल तर कुटुंबाची किंवा वकिलाची, स्पष्ट संमती हवी. कुटुंब नको म्हणालं तर तिथेच थांबा. तुमचा अर्ज गेला नाही तर तुमचं काही बिघडत नाही, गेला तर भोगावं त्यांना लागतं. निर्बंधांची मागणी या अर्जात मिसळू नका.

आता आधार. ‘स्वातंत्र्य धोक्यात आहे’ एवढ्यावर कोणी फाइल उघडत नाही. १९ डिसेंबर १९८४ चं चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्र हा संयुक्त राष्ट्रांत नोंदलेला करार आहे आणि त्यात हाँगकाँगची जीवनपद्धती १९९७ च्या हस्तांतरापासून ५० वर्षं न बदलण्याचं वचन आहे. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचं (तिथल्या संविधानासारखा कायदा) कलम २७ भाषण, वृत्तपत्रं आणि सभा यांना संरक्षण देतं. कलम ३९ नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार तिथे लागू ठेवतं. इथे बरेच अर्ज घसरतात: चीनने या करारावर १९९८ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी दिलेली नाही. म्हणून ‘चीनने करार मोडला’ असं मोघम लिहू नका. ‘कलम ३९ नुसार हाँगकाँगमध्ये लागू असलेल्या कराराच्या कलम १९ चा भंग’ असं लिहा. अभिव्यक्तीसाठी १९, सभेसाठी २१, संघटनेसाठी २२, अटकेसाठी ९, खटल्यासाठी १४.

सुरक्षा परिषदेत वेळ घालवू नका, तिथे चीनकडे नकाराधिकार आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीकडे एकट्या व्यक्तीची तक्रारही जात नाही, कारण त्यासाठीचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल (त्या कराराला जोडलेला वेगळा करार) हाँगकाँगला लागू नाही. (भारतानेही तो स्वीकारलेला नाही.) मात्र हीच समिती हाँगकाँगचा आढावा घेते आणि जुलै २०२२ मध्ये तिने हा सुरक्षा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. ती शिफारस अर्जात जरूर उद्धृत करा.

खरा उपयोगाचा मार्ग विशेष प्रतिवेदकांचा, म्हणजे एकेका हक्कावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांचा. अभिव्यक्ती, सभा व संघटना आणि मानवाधिकार रक्षक यांचे प्रतिवेदक वेगळे आहेत, पण एकाच ऑनलाइन अर्जात तिघांनाही उद्देशून लिहिता येतं. स्थानिक न्यायालयांचे सगळे टप्पे संपण्याची अट नाही. इजा होऊ घातली असेल तर तातडीचं आवाहन मागा, होऊन गेली असेल तर सरकारकडे आरोप मांडणारं पत्र (‘अ‍ॅलिगेशन लेटर’). माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पीडिताचं नाव सरकारला जाणाऱ्या पत्रात सहसा असतं आणि पुढे प्रसिद्धही होतं, त्यामुळे संमती घेताना हे उघड सांगा. माणूस कोठडीतच असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेवरील कार्यगटाकडे वेगळा अर्ज करा.

मजकूर कोरडा ठेवा. तारीख, जागा, अटक कोणी केली, कोणतं कलम, कोणतं न्यायालय, जामीन का नाकारला. नमुना म्हणून हाँगकाँगच्या ४७ लोकशाहीवाद्यांचा खटला पाहा: ६ जानेवारी २०२१ ला धरपकड, १९ नोव्हेंबर २०२४ ला ४५ जणांना शिक्षा, सर्वांत मोठी १० वर्षांची. एवढ्या तीन आकड्यांनी जे कळतं ते विशेषणांच्या पानाने कळत नाही. केवळ वृत्तपत्रांच्या कात्रणांवर उभा असलेला अर्ज नाकारला जातो, म्हणून न्यायालयाचा आदेश किंवा प्रत्यक्ष साक्ष जोडा. शिवराळ किंवा पक्षीय भाषेनेही अर्ज बाद होतो. शेवटी मागणी एकच आणि नेमकी ठेवा: जामीन, वकील भेटणं, औषधोपचार किंवा सुटका.

सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यासाठी (संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीचा ठरावीक काळाने होणारा आढावा) एका संस्थेला २,८१५ शब्द मिळतात, संयुक्त निवेदनाला ५,६३०. ही निवेदनं नावानिशी प्रसिद्ध होतात, गुप्ततेची सोय नाही. चीनचा शेवटचा आढावा जानेवारी २०२४ मध्ये झाला.

सरकारांमध्ये ब्रिटनला आधी गाठा. १९८४ च्या करारातला दुसरा पक्ष तोच आहे आणि तिथलं परराष्ट्र खातं संसदेला हाँगकाँगवर सहामाही अहवाल देतं. भारतातून लिहिणाऱ्यांनी आपल्या खासदाराला १ जुलै २०२० ची आठवण द्यावी: मानवाधिकार परिषदेत भारताने तिथल्या मोठ्या भारतीय समाजाचा उल्लेख करून घडामोडींवर लक्ष असल्याचं सांगितलं होतं.

अर्ज गेल्यावर त्याचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. जामीन मिळाला, तुरुंग बदलला, नवा आरोप लागला की त्याच क्रमांकावर लगेच कळवा. जुन्या माहितीवर सरकारला पत्र गेलं तर ते सहज खोडून काढतात. अर्जामुळे कुणाला धमकी आली किंवा पासपोर्ट गेला, तर तेही सूडाची कारवाई म्हणून स्वतंत्र नोंदवा. अशा प्रकरणांचा अहवाल संयुक्त राष्ट्रांचे महासचिव दरवर्षी मांडतात.