मूल गप्प झालंय? घरातल्यांनी या चुका टाळा

शाळेत समुपदेशन करताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रश्न मुलाला विचारायचा आणि उत्तर आईने द्यायचं.

गोव्यातल्या फोंड्याकडचा अकरावी सायन्सचा एक मुलगा आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "झोप लागते का रे?" "रात्री दोनपर्यंत मोबाइल, झोपणार कसा?" आई म्हणाली. "जेवतोस ना?" "आवडीचं माशाचं हुमण केलं तरी ताटाला हात लावत नाही," पुन्हा आईच. तिची काळजी खरी होती, रडून डोळे सुजले होते. पण दहा मिनिटं झाली तरी मुलाचा आवाज मी ऐकला नव्हता. मी तिला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. तो बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत राहिला. मग म्हणाला, "चाचणीचे मार्क कळल्यापासून जेवताना दुसरा विषय नाही. आई-बाबा त्यावरूनच भांडतात. मी नसलो तर भांडणं तरी थांबतील."

असं वाक्य कानावर पडलं की मी आडवळण घेत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" तो "हो" म्हणाला आणि पहिल्यांदा रडला. त्याच दुपारी त्याला बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

"असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल" ही भीती शिक्षकांनाही असते. ती चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, मुलाला बोलायची वाट मिळते. विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. "तुला आम्ही काय कमी केलंय?" हे वाक्य तर कुठल्याच घरात उच्चारलं जाऊ नये.

दुसरी चूक घाईची. त्या मुलाच्या बाबांचा आठव्या दिवशी फोन आला, "गोळ्या चालू आहेत, काउन्सेलिंग झालं, अजून तसाच आहे." नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. सुरुवातीच्या दिवसांत तर मुलावर अधिक लक्ष ठेवावं लागतं आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. देवाला कौल लावायचा तर लावा, डॉक्टरची तारीख मात्र चुकवू नका. बाबांना मी एकच काम दिलं : रविवारी सकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवून मासळी बाजारात न्यायचं आणि मार्कांचा 'म' काढायचा नाही. तिसऱ्या रविवारी बांगडे मुलाने निवडले. माझ्या वहीत ती नोंद आहे.

गोव्यातल्याच १२ ते १६ वर्षांच्या २०४८ मुलांची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचा मुख्य आधार घरचीच माणसं होती, त्यांच्यात मानसिक विकार कमी आढळले. मारहाण आणि शिवीगाळ सोसलेल्यांत ते जास्त होते. म्हणून "चार फटके दिले की ताळ्यावर येईल" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ "नाही" म्हणते.

"वयच तसलं, चिडणारच" म्हणून सोडून देऊ नका. या वयात नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसतं. झोप, भूक, खेळ, मित्र सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ सुटत चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मोबाइल हिसकावून घेणं हा उपचार नव्हे.

आई किंवा बाबा स्वतः खचलेले असतील तर त्यांनीही उपचार घ्यावेत; त्याचा मुलालाही फायदा होतो.

आणि कुळागरासाठी (नारळ-सुपारीच्या बागेसाठी) आणलेली फवारणीची औषधं, आजीच्या गोळ्या आज संध्याकाळीच कुलपात जाऊ द्या, किल्ली मोठ्यांकडे. जीव द्यावासा वाटण्याची लाट अनेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते. हाताशी साधन नसलं तर मूल वाचू शकतं. मूल मरणाबद्दल बोललं तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो फ्रीजवर चिकटवा, मुलालाही दिसेल असा.