पांदणीतल्या फोर-बाय-फोरला ऑटोमॅटिकऐवजी क्लचचा गिअरबॉक्स कसा बसवावा

जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत ऑटोमॅटिक गाडी रुतली की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आतल्या आत घसरत राहतो आणि इंजिनाची ताकद तेल तापवण्यात जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असला की ऑइल कूलरलाही गरमच हवा मिळते. बॉक्स जळाला तर तो उघडणारा मिस्त्री तालुक्याला सहसा सापडत नाही. क्लचप्लेट मात्र तिथे सहज बदलून मिळते. बदल करायचं खरं कारण एवढंच. तुमचा ऑटोमॅटिक अजून धड असेल तर मोठा कूलर लावा, तेल वेळेवर बदला आणि हा लेख बाजूला ठेवा.

सगळ्याच गाड्यांना हे काम झेपत नाही. ज्या नव्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसचे कंट्रोलर सतत एकमेकांशी बोलतात, तिच्या वाटेला जाऊ नका. जुनी, साध्या वायरिंगची आणि कंपनीने मॅन्युअलमध्येही विकलेलीच गाडी निवडा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीशी न जुळणारे फेरफार करू देत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

सामान

त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, अपघातात गेलेली मॅन्युअल फोर-बाय-फोर अख्खी मिळाली तर तीच घ्या, आणि भंगारवाल्याकडून पावती व कागद घ्यायला विसरू नका. सुटे भाग जमवत बसलं की शेवटी एखादा ब्रॅकेट अडतो आणि गाडी महिनाभर घोडीवर राहते. टू-व्हील ड्राइव्हचा बॉक्स स्वस्त पडतो, पण त्याची शेपटी वेगळी असते, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) त्याला जुळत नाही.

त्या गाडीतून हे सगळं उतरवा: बेल हाउसिंगसह गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, फ्लायव्हील, स्टार्टर, पेडलचा पूर्ण सेट, क्लचचे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, क्रॉस मेंबर, पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट, रिव्हर्स लाइटचा स्विच, वायरिंग आणि इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर). नवं घ्यायचं ते असं: क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील. त्या सीलपर्यंत पुन्हा हात पोचवायचा तर सगळं परत उतरवावं लागेल, म्हणून तिथे काटकसर नको.

उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा. अंगणात काम करत असाल तर घोडीखाली जाड फळी घाला. काळी माती वरून कडक दिसते, भार आला की खचते. चेंबरचं तेल सोडलं तरी बरंचसं कन्व्हर्टरमध्ये उरतं, तेव्हा खाली घमेलं राहू द्या. आधी कन्व्हर्टरचे बोल्ट काढा, मग हाउसिंगचे, आणि कन्व्हर्टर बॉक्ससोबतच मागे ओढा. ट्रान्सफर केससह वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं. चेन पुली किंवा ट्रान्समिशन जॅक हवाच, चार पोरांच्या हातांवर भरवसा ठेवू नका.

बसवणं

क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग ठोका. ऑटोमॅटिकला ते लागत नाही, त्यामुळे ते बहुधा तिथे नसतंच आणि घाईत विसरलं जातं. विसरलात तर इनपुट शाफ्टचं टोक अधांतरी फिरतं, क्लच दाबूनही गिअर करकरतो आणि पुढे बॉक्सचं बेअरिंग जातं.

फ्लायव्हीलला फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ चकतीचे) बोल्ट लावू नका, त्यांची लांबी वेगळी असते. फ्लायव्हीलचा चेहरा थिनरने पुसा आणि नंतर तेलकट हात लावू नका. क्लचप्लेटची स्प्रिंगवाली फुगीर बाजू बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येते. प्लेटवर खूण असेल तर तीच खरी. अलाइनमेंट शाफ्टने प्लेट मधोमध धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा.

खरी परीक्षा बॉक्स चढवताना होते. हाउसिंग आणि इंजिनामध्ये बोटभर फट उरली आणि बॉक्स पुढे सरकत नसेल, तर बोल्टने ओढू नका, हाउसिंगचे कान तुटतात. बॉक्स गिअरमध्ये टाका, मागचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवा, जॅकचा कोन इंजिनाशी जुळवा. स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) जुळली की बॉक्स स्वतःहून सरकतो. तोवर त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. प्लेटचा मधला हब वाकतो आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी थरथरतो.

प्रॉपेलर शाफ्टचं माप गाडी चाकांवर उभी करूनच घ्या. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळतो आणि माप चुकतं. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) पूर्ण आत दाबला जाण्याआधी सुमारे २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. नाहीतर नाल्याच्या उतारावर शाफ्ट आत ठोकला जाऊन ट्रान्सफर केस फुटू शकते. शाफ्ट कापून जोडला असेल तर बॅलन्स करून घ्या.

वायरिंग

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’चा सिग्नल मिळाल्याशिवाय स्टार्ट होत नाही. बरेच जण त्या दोन वायरी सरळ जोडून मोकळे होतात, आणि एक दिवस गिअरमध्ये सेल मारताच गाडी भिंतीत जाते. त्या वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. काही गाड्यांत ‘पी’शिवाय किल्लीही निघत नाही, तिथलं लॉक वेगळं सोडवावं लागतं. ईसीयू मॅन्युअलचा बसवला नाही तर जुना ईसीयू ऑटोमॅटिक बॉक्सला शोधत राहतो आणि इंजिनाची ताकद बांधून ठेवतो. किल्लीत इमोबिलायझर (चोरी रोखणारी चिप) असेल तर ईसीयूला किल्लीही जुळवून घ्यावी लागते.

तेल आणि पहिली फेरी

हायड्रॉलिक क्लचमधली हवा पूर्ण काढा. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा उरली आहे. बॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं गिअर तेल सांगितलं असेल तर ‘भारी’ म्हणून जीएल-५ भरू नका, सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही. पहिले ५०० किलोमीटर ट्रॉली ओढू नका. चिखलात अर्ध्या क्लचवर रेटू नका. ट्रान्सफर केसची लो रेंज टाका, पाय पेडलवरून पूर्ण काढा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा. आता ‘पी’ उरलेला नाही, म्हणून चढावर गाडी लावताना हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकाला गोटा लावा.