सुताराला बोलावण्याआधी: फर्निचरच्या या चुका टाळा

नव्या घराची किल्ली हातात आली की आपण टेप घेऊन खोल्या मोजतो. माणसं मोजायची राहून जातात.

आमच्याकडे तेच झालं. हॉलमध्ये बसका सोफा करून घेतला, बैठक जमिनीपासून जेमतेम 14 इंच. आईचे गुडघे दुखरे. उठताना ती आधी कडेपर्यंत सरकायची, मग टीपॉयवर हात टेकायची, आणि टीपॉयच पुढे जायचा. हे बघून पोटात गोळा यायचा. शेवटी सुतारकाकांनी पायांखाली 3 इंचांचे सागवानी ठोकळे स्क्रूने पक्के बसवले. आता ती हात न टेकता उठते. तेव्हा फोम दबल्यावर बैठक किती उंच राहते, ते घरातल्या वयस्कर माणसाला बसवूनच ठरवा. बहुतेकांना 17-18 इंच सोयीचं पडतं.

पलंगाचं माप सांगण्याआधी गादी ठरवा. तयार गाद्या 72, 75 आणि 78 इंच लांबीच्या मिळतात. आधी पलंग केलात, तर फट राहते नाहीतर गादी दुमडते.

जागा वाचवायला कपाट 18 इंच खोल करू नका. हँगरच तेवढा रुंद असतो, मग शर्टाच्या बाह्या दारात चिमटतात. बाहेरून 24 इंच हवेच, सरकते पल्ले असतील तर आणखी 2-3.

पावसाळ्यात पल्ला वाकला, तर आतली बाजू बघा. पुष्कळदा लॅमिनेट फक्त बाहेरून लावलेलं असतं आणि आतला प्लाय कोराच असतो. दोन्ही बाजू सारख्या ओल धरत नाहीत, म्हणून पल्ला पीळ खातो. थोडा बाक बिजागरीचे स्क्रू फिरवून निघतो, जास्त असेल तर पल्ला नवाच करावा लागतो. पुस्तकांची 3 फुटी फळी लवली असेल, तर मधे उभा आधार द्या.

ओली भिंत कपाटामागे झाकणं ही मात्र सगळ्यांत महागात पडणारी चूक. आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. सिंकखाली आयएस 710 शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय मागा.

आणि ऑर्डर देण्याआधी सोफा, टेबल, पलंग यांच्या मापाचे जुने पेपर जमिनीवर चिकटवून दोन दिवस घरात वावरा. जो पेपर सारखा पायाखाली येतो, ती वस्तू लहान करा.