सायकलवाल्यांची कंबरदुखी: या चुका टाळा, बेल्ट घ्यायच्या आधी सीट बघा

बेळगावहून जांबोटीला जाऊन परत येताना किणयेजवळ माझी कंबर अशी धरली की सायकल झाडाला टेकवून रस्त्याकडेला दगडावर बसून राहिलो, खाली वाकून बाटली काढायला पण येईना. त्यानंतर तेल झालं, गरम पाण्याचा शेक झाला, कंबरेचा बेल्ट झाला, दोन महिने गेले आणि दुखणं तिथंच. सगळे उपाय कंबरेवर चालले होते आणि सायकल तशीच होती, हीच पहिली चूक आणि आपल्याकडं बहुतेक जण हीच करतात.

माझ्या बाबतीत कारण कळलं ते मागून येणाऱ्या एका पोरामुळं. म्हणाला, "दादा, प्रत्येक पेडलला तुमची कंबर डावी-उजवी हलतेय बघा." सायकल सर्व्हिसिंगला दिली होती तिथं सीट काढून परत बसवताना जवळजवळ दोन सेंटीमीटर वर गेली होती, आणि मी काय ते तपासलं नव्हतं. सीट उंच झाली की खालच्या पेडलपर्यंत पाय पोचवायला दर वेळी कुल्ला खाली झुकतो, तासाला चार-पाच हजार वेळा, मग कंबर धरणारच की.

तपासायचं कसं? भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल एकदम खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कुल्ला न झुकवता पाय जेमतेम सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो, 25 ते 35 अंश बरोबर. जमलं की सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून खूण करा, म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगनंतर एका नजरेत कळतंय. बदल करताना एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरच, आणि एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर फरक कशानं पडला तेच कळत नाही.

सीटचं नाक वर असलं तरी कंबर दुखते, कारण कंबरेचा सांगाडा मागं झुकतो आणि पाठ कमानीसारखी वाकून राहते. मोबाईलमधलं लेव्हल ॲप सीटवर ठेवून बघा. सपाट ठेवा, फार तर एक-दोन अंश पुढं खाली. जास्त झुकवली की सगळं वजन तळहातावर येऊन बोटांना मुंग्या येतात. हँडल लांब पडत असेल तर सीट पुढं सरकवू नका, त्यानं गुडघा बिघडतो, आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) लावून घ्या.

आता चढ. येळ्ळूरकडून राजहंसगडावर चढताना मोठा गिअर रेटत नेणारे मी दर रविवारी बघतो आणि मला खरंच काळजी वाटते. पाय मिनिटाला पन्नासेक वेळा फिरतात, प्रत्येक दाबाला अख्खी पाठ ओढली जाते, कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू दमले की उरलेलं काम कंबर करते. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, पाय 75-80 च्या आसपास फिरू द्या, मागं पडलात तर पडलात.

चोर्ल्याच्या रस्त्यावर खड्डे आहेत ते आहेतच, पण टायर दगडासारखा फुगवून प्रत्येक हादरा मणक्यात घ्यायची गरज नाही. 28 मिलिमीटर रुंदीचा टायर आणि सत्तरेक किलो वजन असेल तर 75-80 पीएसआय हवा पुरते. पाठीवरची बॅग पण काढा, पाणी फ्रेमला लावा.

आठवडाभर उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर उभं राहायचं नाहीतर ऑफिसात बसायचं आणि रविवारी एकदम शंभर किलोमीटर मारायचे, हे शरीराला झेपत नाही, मधल्या वारी छोट्या राईड पाहिजेतच. आणि पहाटे पाचला उठून लगेच सायकलवर वाकू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यातल्या गाद्या पाण्यानं फुगलेल्या असतात, वाकलं की ताण जास्त येतो. अर्धा तास घरात फिरा, चहा घ्या, मग निघा.

दुखलं म्हणून आठवडाभर पडून राहणं ही पण चूकच. मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज चालायला लागलो आणि घरी दोन व्यायाम: रांगायच्या पोझमध्ये उजवा हात पुढं, डावा पाय मागं ताणून दहा सेकंद, मग उलट बाजू, आणि एका कोपरावर आडवं होऊन साईड प्लँक. सीट खाली आणली आणि हे चालू ठेवलं, दीड महिन्यात जांबोटी परत झाली.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यातली गादी थोडी बाहेर आलेली) वाचून सायकल विकायला काढू नका. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांत पण साधारण 30 टक्क्यांच्या रिपोर्टमध्ये ते दिसतं. मात्र पायातली ताकद कमी वाटली, सीटला टेकतो तो भाग राईड संपल्यावरही बधिर राहिला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मालीशवाल्याकडं जाऊ नका आणि सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण वजन उतरणं, झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर पण आधी डॉक्टर, सीट नंतर.