ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगचा टेम्पो, स्केल आणि मूड कानाने कसा ओळखायचा

सिम्फनीच्या ट्रॅकला टेम्पो-स्केल-मूड लिहायचं म्हटलं की लोक अ‍ॅप लावतात आणि येईल ते लिहून मोकळे होतात. ड्रमच्या गाण्यांना चालतं ते, पण ऑर्केस्ट्रात ठेका धरणारं वाद्य सतत नसतं, कंडक्टर लय कुठे ओढतो कुठे सोडतो, मग अ‍ॅप कधी दुप्पट आकडा दाखवतं कधी निम्मा. त्यामुळे कान लावायचा. सरावाला बेथोवेनच्या सातव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट (म्हणजे दुसरा भाग) घ्या, यासाठी इतकी सोयीची चीज दुसरी नाही.

आधी टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती बीट. सुरुवातीला फुंकवाद्यांची एक लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येऊन विरते, ती मोजायची नाही. मग व्हायोला, चेलो आणि डबल बास दबक्या आवाजात सुरू करतात, लांब, छोटा-छोटा, लांब, लांब. हा एक तुकडा म्हणजे ४ बीट. स्टॉपवॉच लावून असे १० तुकडे मोजा. ३१-३२ सेकंद लागले तर टेम्पो ७६ च्या आसपास, ४० लागले तर ६०. हा ७६ आकडा खुद्द बेथोवेनचा आहे, १८१७ साली त्याने आपल्या सिम्फनींचे मेट्रोनोमचे (लय मोजायच्या यंत्राचे) आकडे छापले त्यातला, आणि वर शब्द लिहिलाय अलेग्रेटो, म्हणजे चालती लय. तरी पुष्कळ कंडक्टर ती अंत्ययात्रेसारखी संथ घेतात, मला ते अजिबात पटत नाही, पण नोंद करताना आपल्या रेकॉर्डिंगचा जो आकडा येईल तोच लिहायचा, छापलेला नाही.

आता स्केल. अल्बमवर 'ए मेजर' असतं आणि तेच सगळे कॉपी करतात. ती अख्ख्या सिम्फनीची स्केल, ही मूव्हमेंट ए मायनरमध्ये आहे. पेटी असेल तर पांढरी सहाला (तोच ए) सा धरा आणि गंधार तपासा, कोमल लागतो, म्हणजे मायनर. मात्र पहिल्या कॉर्डवरून ठरवू नका, तिच्या तळाला सा नसून पंचम आहे, म्हणून ती अधांतरी वाटते. पुढे क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकवाद्यं येतात तिथे गंधार शुद्ध होतो, ए मेजर सुरू, आणि थोड्या वेळाने परत मायनर. नोंदीत दोन्ही लिहा. ट्यूनर सुमारे ४० सेंट (१०० सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर) खाली दाखवत असेल तर घाबरू नका, जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे ऑर्केस्ट्रा बऱ्याचदा ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४३० ला लावतात.

मूड सगळ्यात शेवटी. मायनर दिसलं की 'सॅड' लिहायचं ही सवय सोडा प्लीज. इथे सूर सुरुवातीला जेमतेम हलतो, पण ठेका थांबत नाही, एकेक वाद्यगट वर चढत जातो आणि आवाज भरत भरत पूर्ण ऑर्केस्ट्रावर येतो, हे नुसतं दुःख नाहीये, दुःख घेऊन चालत राहणं आहे. मेजरच्या भागात वर एवढं मोकळं वाटतं तरी खाली बासमध्ये तोच ठेका बोटांनी छेडलेला ऐकू येतो, हेडफोन लावून ऐकाच. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली, जखमी सैनिकांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम होता, आणि लोकांनी हीच मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावली.

मग नोंद साधारण अशी होईल: टेम्पो ७२, स्थिर; ए मायनर, मध्ये ए मेजर; गंभीर, संयमी, हळूहळू भरत जाणारा, मधला भाग उबदार.