अ‍ॅनामॉर्फिक लेन्सवर पॅन अडखळतोय? या चुका टाळा

संध्याकाळच्या उजेडात मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे पॅन घ्यायचा, म्हणजे कॅमेरा जागेवरच ठेवून आडवा फिरवायचा, हा मुंबईत अ‍ॅनामॉर्फिक (रुंद दृश्य आडवं दाबून टिपणारी) लेन्स हाती आलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला हट्ट असतो. कॅमेऱ्याच्या छोट्या मॉनिटरवर शॉट सुरेख दिसतो. मोठ्या पडद्यावर लावला की दिव्यांचे खांब उड्या मारत जातात, मागच्या इमारती थरथरतात आणि खापर फुटतं लेन्सवर.

बहुतेक वेळा लेन्सचा यात दोष नसतो. 2 पट स्क्वीझची, म्हणजे दृश्य आडवं निम्म्यावर दाबणारी, 50 मिमी लेन्स उभ्या दिशेने 50 मिमीच असते, पण आडव्या दिशेने ती 25 मिमीइतकं रुंद बघते. म्हणजे एकाच लेन्सला दोन फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद बघते ते ठरवणारा मिमीचा आकडा). पॅन ही आडवी हालचाल, आणि आपण मात्र वेग ठरवताना, स्टॅबिलायझर (कॅमेऱ्याची थरथर पुसणारी सोय) लावताना, एडिटला बसताना उभ्या दिशेचाच आकडा धरून चालतो. गडबड बरीचशी इथेच होते.

आधी दोष कुठला, ते ओळखा

फुटेजला नावं ठेवण्याआधी ते कशावर बघताय ते तपासा. बहुतेक लॅपटॉपचा स्क्रीन 60 हर्ट्झचा असतो. त्यावर सेकंदाला 24 फ्रेमचा व्हिडिओ चालवला की एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दिसते. 25 फ्रेमचा तर त्याहून वेडावाकडा बसतो. स्क्रीन 120 हर्ट्झवर जात असेल तर 24 फ्रेम बिनचूक बसतात, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते. टीव्हीवर बघत असाल तर मोशन स्मूदिंग (टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) बंद करा.

मग शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा येत असेल, तर 24 फ्रेमचं शूट एडिटमध्ये 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर पडलंय. पॅनच्या सुरुवातीला किंवा शेवटी झटका बसत असेल तर स्टॅबिलायझर नाहीतर ट्रायपॉड हेड बघा. इमारती कलंडत असतील तर रोलिंग शटर (सेन्सर ओळीओळीने वाचला जाणं) किंवा लेन्सपुढे लावायचा अ‍ॅडॉप्टर. आणि फ्रेमगणिक सगळे टप्पे सारखेच पण मोठे पडत असतील, तर तुमच्या पॅनचा वेग जास्त आहे.

सात सेकंदांचा नियम रुंद स्कोप चित्राला पुरत नाही

24 फ्रेम आणि 180 अंशाचं शटर (फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं उघडं) असेल, तर एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागावेत, हा जुना ठोकताळा. सात सेकंदांत 168 फ्रेम होतात. पडदा 12 मीटर रुंद असेल, तर प्रत्येक फ्रेमला वस्तू सुमारे 7 सेंटिमीटर उडी मारते. मॉनिटरवर ही उडी मिलिमीटरभरसुद्धा नसते. म्हणून सेटवर कुणाला काही खटकत नाही.

ज्या थिएटरांत पडद्याची उंची कायम राहते आणि स्कोपसाठी तो बाजूंनी रुंद होतो, तिथे अडचण आणखी वाढते. 2.39 ची (उंचीच्या 2.39 पट रुंद) स्कोप फ्रेम 1.78 च्या फ्रेमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने रुंद, म्हणजे तेवढ्याच वेळात उडीही तेवढीच मोठी. म्हणून थिएटरसाठी मी नऊ ते दहा सेकंद धरा असंच सांगेन. सुपर 35 आकाराच्या सेन्सरवर 2 पट स्क्वीझची 50 मिमी लेन्स आडवं साधारण 53 अंश बघते. या हिशेबाने 90 अंशांच्या पॅनला 16 सेकंद लागतात. ऐकताना हे फार वाटतं, पण घड्याळ लावून एकदा करून बघाच.

एवढा वेळ एडिटमध्ये मिळणार नसेल, तर नुसतं दृश्य पॅन करू नका. डोळ्याला धरून ठेवायला काहीतरी द्या. समोरून जाणारी बेस्टची बस फ्रेममध्ये एका जागी ठेवून तिच्याबरोबर पॅन केला, तर नजर बसवर खिळते आणि मागच्या इमारतींच्या उड्या जाणवत नाहीत. अ‍ॅपर्चर उघडं ठेवून पार्श्वभूमी आउट ऑफ फोकस केली की आणखी मऊ दिसतं.

चाळीच्या गॅलरीचे गज मात्र जपून घ्या. सारख्या अंतरावरच्या उभ्या गजांवरून पॅन करताना एका फ्रेमची उडी दोन गजांमधल्या अंतराएवढी झाली, तर गज जागीच थांबल्यासारखे दिसतात, थोडी कमी झाली तर उलटे सरकतात. गिरगावात किंवा लालबागला असा शॉट घ्यायचाच असेल, तर वेग निम्म्यावर आणा किंवा गजांकडे थोडं तिरकं बघा, म्हणजे सगळी अंतरं सारखी राहत नाहीत.

स्टॅबिलायझरला खोटा आकडा देऊ नका

मॅन्युअल लेन्स लावली की कॅमेरा फोकल लेंग्थ विचारतो आणि आपण लेन्सवर लिहिलेला 50 टाकून मोकळे होतो. आडवा धक्का पुसायला 25 चा हिशेब हवा असतो. कॅमेरा दुप्पट दुरुस्ती करतो आणि मूळ धक्का तेवढाच, पण उलट दिशेला उमटतो. पॅनमध्ये ही थरथर लगेच दिसते.

ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझर सरळ बंद करा. पॅन सुरू होताना तो आधी हालचाल रोखून धरतो आणि मग एकदम सोडतो, झटका तिथेच बसतो. हातात कॅमेरा असेल, तर काही पॅनासॉनिक कॅमेऱ्यांत अ‍ॅनामॉर्फिकसाठी वेगळं सेटिंग असतं, तिथे तुमचा स्क्वीझ निवडा. ती सोय नसेल तर आडव्या दिशेचा आकडा टाका. 1.33 चा अ‍ॅडॉप्टर 50 मिमीवर लावला असेल तर 38. उभी दुरुस्ती थोडी कमी पडेल, पण पॅन वाचेल.

शटर आणि एनडी

दुपारच्या उन्हात एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) नाही म्हणून शटर 1/1000 वर नेलं की वेग कितीही बरोबर असो, चित्र तुटणारच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 24 फ्रेमलाही 1/50 ठेवा, रात्री दिव्यांचा फ्लिकर (लुकलुक) टळण्याची शक्यता वाढते. व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करता येणारा) एनडी रुंद आकाशावर टाळा. त्यात पोलरायझर असतात, त्यामुळे आकाश एका बाजूला काळवंडतं आणि पॅन करताना तो डाग आकाशात सरकत जातो.

अ‍ॅडॉप्टर सरळ बसलाय का?

पुढे लावायचा अ‍ॅडॉप्टर दोन-तीन अंश जरी फिरलेला असला, तरी उभ्या रेषा कलतात. निघण्याआधी घरीच खोलीत अंधार करा, समोर मोबाइलची टॉर्च ठेवा, मॉनिटरवर ग्रिड लावा. टॉर्चमधून निघणारी निळसर रेघ ग्रिडच्या आडव्या रेषेला तंतोतंत समांतर येईपर्यंत अ‍ॅडॉप्टर फिरवा आणि स्क्रू आवळा. पुढे वजन वाढतं, म्हणून रॉडवर लेन्स सपोर्ट लावा आणि ट्रायपॉडच्या फ्लुइड हेडवर कॅमेरा मागे सरकवून तोल साधा. तोल न साधता हेडचा ड्रॅगच (फिरण्याला होणारा अटकाव) आवळत गेलात, तर पॅन सुरू होताना हिसका बसतो.

ओपन गेटमध्ये सेन्सर पूर्ण उंचीने वाचला जातो आणि त्याला जास्त वेळ लागतो. त्यामुळे सीएसएमटीच्या मनोऱ्यांवरून भरकन पॅन केला की ते कलंडतात. अशा वेळी 16:9 चा क्रॉप किंवा आणखी सावकाश पॅन, दोनच वाटा.

एडिटमध्ये

स्टॅबिलायझेशन करण्याआधी पिक्सेल आस्पेक्ट रेशो (पिक्सेलची रुंदी उंचीच्या किती पट धरायची तो आकडा) बरोबर लावा. दबलेल्या चित्रावर सॉफ्टवेअरने फिरवण्याची दुरुस्ती केली, तर डीस्क्वीझ (दबलेलं चित्र परत रुंद) झाल्यावर इमारती डुलतात. ऑप्टिकल फ्लोने नव्या फ्रेम बनवून उड्या भरता येतात, पण खांब, गज आणि सी लिंकच्या केबल यांच्यावर तो हमखास फसतो, कडा वितळल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा 50 फ्रेमवर 1/100 शटरने शूट करून 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने टाका, उडी निम्मी होईल. लाटा आणि गाड्याही मंदावतील, म्हणून हा उपाय लांबच्या इमारतींपुरताच ठेवा.