‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’: फ्रेजल व्हर्ब वापरताना कुठे घसरतं

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘अप’, ‘फॉरवर्ड’सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी. समजा, मीटिंग सोमवारऐवजी गुरुवारी घ्यायची आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मीटिंग पुढे ढकलली’. हाच ‘पुढे’ डोक्यात ठेवून ई-मेलमध्ये ‘वुई हॅव ब्रॉट द मीटिंग फॉरवर्ड’ लिहिलं, तर अर्थ नेमका उलटा होतो. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेणं, अलीकडे आणणं. भारतात ज्याला ‘प्रीपोन’ म्हणतात ते. पुढे ढकलण्यासाठी ‘पुट ऑफ’ किंवा ‘पुश बॅक’ आहे. ‘पुश बॅक’मध्ये शब्दशः ‘मागे’ आहे, म्हणूनच मराठी माणूस तिथे थबकतो. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर शक्यतो टाळाच, कारण त्याचा अर्थ लावताना इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही गोंधळ होतो. आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ दोन्हीत ‘ऑफ’ असल्यामुळे यादी पाठ करणाऱ्यांची गल्लत होते. पण पहिल्यात मीटिंग होणार आहे, दुसऱ्यात होणारच नाही. कोणतंही क्रियापद वापरा, नवा वार आणि वेळ त्याच वाक्यात लिहा: ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल थर्सडे’.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘लुक’चे दहा अर्थ, ‘गेट’चे वीस अर्थ अशा याद्या असतात. त्या पाठ करून पर्याय निवडता येतो, वाक्य मात्र लिहिता येत नाही. कारण यादीत कर्म नसतं, आणि फ्रेजल व्हर्बमध्ये कर्म कुठे बसतं यावरच बरंच काही अवलंबून असतं. म्हणून वहीत ‘पुट ऑफ’ असं एकटं लिहू नका. ‘पुट समथिंग ऑफ’ असं लिहा, ‘लुक आफ्टर समबडी’ असं लिहा. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत नोंद अशीच असते. ‘समथिंग’ कुठे छापलंय ते आधी बघा, अर्थ नंतर.

त्या जागेचा नियम असा. ‘टर्न ऑफ’सारख्या क्रियापदांत नाम दोन्हीकडे चालतं: ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. ‘लुक आफ्टर’, ‘रन इन्टू’, ‘कम अक्रॉस’ ही जोडी मात्र तुटत नाही, कर्म नेहमी शेवटी: ‘लुक आफ्टर हर’, ‘आय रॅन इन्टू हिम’. तीन शब्दांची क्रियापदं, उदाहरणार्थ ‘रन आउट ऑफ’ किंवा ‘पुट अप विथ’, साधारणपणे अशीच वागतात. नवीन फ्रेजल व्हर्ब भेटलं की लगेच ‘इट’ घालून एक वाक्य तयार करा. नामाचं वाक्य चूक लपवतं, सर्वनामाचं लपवत नाही.

‘लुक फॉरवर्ड टू’ची चूक बऱ्याच अर्जांत दिसते: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ हा ‘टू गो’, ‘टू ईट’मधला ‘टू’ नाही. त्याच्यापुढे नाम ठेवून बघा: ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’. नाम बसलं, म्हणजे क्रियापदाला ‘आयएनजी’ लागणार: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

मराठीत ‘बंद कर’ एकच असल्यामुळे ‘क्लोज द फॅन’ आणि ‘ओपन द लाइट’ तोंडात बसतात. दार, खिडकी, डबा यांना ‘क्लोज’. विजेवर किंवा गॅसवर चालणाऱ्या वस्तूला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. स्वयंपाकघरात हे झटकन पक्कं होतं: गॅस बारीक कर म्हणजे ‘टर्न द गॅस डाउन’, मोठा कर म्हणजे ‘टर्न इट अप’, बंद कर म्हणजे ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न डाउन’चा दुसरा अर्थ नाकारणं: ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर’.

कपड्यांचंही असंच. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालण्याची क्रिया, ‘वेअर’ म्हणजे घातलेलं असणं. ‘त्याने निळा शर्ट घातला होता’ याचं इंग्रजी ‘ही वॉज वेअरिंग अ ब्लू शर्ट’. ‘वॉज पुटिंग ऑन’ म्हटलं तर तो त्या क्षणी बाह्यांत हात घालत होता. आणि काढण्याला ‘टेक ऑफ’, ‘पुट ऑफ’ नव्हे.

‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, ‘गिव्ह इन’ म्हणजे समोरच्यापुढे नमणं. सिगारेट सोडली, ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. मुलाने मोबाइलसाठी हट्ट धरला आणि शेवटी आपण तो दिला, तर ‘वुई गेव्ह इन’.

‘कोप अप विथ’ असं काही नाही, फक्त ‘कोप विथ’. ‘कॅच अप विथ’ आणि ‘कीप अप विथ’ यांच्या सवयीने तो ‘अप’ घुसतो.

भारतीय इंग्रजीतले दोन प्रयोग परदेशी वाचणाऱ्याकडे जाण्याआधी बदला. बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन 2019’ लिहिलं, तर ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस प्रथम ‘बेशुद्ध पडलो’ असं वाचतो. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पासिंग आउट परेड होते. लष्करी प्रशिक्षणाच्या संदर्भात तो शब्द ब्रिटिश इंग्रजीतही आहे. कॉलेजसाठी ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2019’ लिहा. दुसरा ‘पुट अप’. राहतो या अर्थाने ‘आय पुट अप विथ माय अंकल’ लिहिलं, तर ते ‘मी काकांना कसंबसं सहन करतो’ असं होतं. हवं ते वाक्य ‘आय लिव्ह विथ माय अंकल’. काकांनी घरी उतरवून घेतलं, तर ‘माय अंकल पुट मी अप’. इथे कर्म मध्ये आहे आणि ‘विथ’ नाही, एवढ्यानेच अर्थ बदलला.

लिहिताना जागा सोडण्याकडेही लक्ष हवं. क्रियापद तोडून, नाम जोडून: ‘प्लीज लॉग इन’मध्ये दोन शब्द, ‘लॉगिन पेज’मध्ये एक. ‘सेट अप’, ‘बॅक अप’, ‘चेक आउट’ यांचंही तेच. शंका आली तर भूतकाळ करून बघा. ‘लॉग्ड इन’ होतं, म्हणजे तिथे क्रियापद आहे आणि मध्ये जागा हवी.